डबा तोच, तेल दुसरं

दुसऱ्या गिअरला कर्रर्र असा आवाज झाला आणि आईनं गाडी जागच्या जागी थांबवली. घर जेमतेम दोनशे पावलांवर होतं. तिनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, किल्ली काढली, पर्स काखेत मारली आणि उरलेली गल्ली ती पायी चालत आली.

घराचा नियमच तसा होता. बाबा असताना त्यांनीच तो घालून दिला होता. ज्याच्या हातून गिअरचा आवाज होईल त्यानं तिथल्या तिथं उतरायचं आणि चालत घर गाठायचं, मग ऊन असो वा चिखल. या नियमापायी दादा एकदा चार किलोमीटर चालला होता. ताई नव्या सँडलमध्ये चालली होती आणि तिनं बाबांशी दोन दिवस अबोला धरला होता. धाकटा तर इतक्या वेळा उतरला होता की गाडी शिकायला त्याला वर्ष लागलं आणि तब्येत मात्र ठणठणीत झाली. नियम बाबांचा होता, पण तिघांना शिकवलं आईनं. गाडी हाती घेतल्यापासून बेचाळीस वर्षांत ती स्वतः एकदाही उतरली नव्हती.

त्यामुळे ती घामेजलेल्या चेहऱ्यानं दारात उभी राहिली तेव्हा रविवारच्या जेवणाला जमलेली सगळी मंडळी एकदम उठून उभी राहिली. आईनं किल्ली टेबलावर, बरोबर मिठाच्या बाटलीशेजारी ठेवली.

"झालं," ती म्हणाली. "हात गेला माझा. सहा महिने बघतेय, दर दोन दिवसांनी आवाज होतोच. आज उतरले. जेवणं झाली की बाईसाहेब कुणी न्यायच्या ते ठरवा."

बाईसाहेब म्हणजे गाडी. दादाच्या जन्माआधी दोन वर्षं घरात आलेली, गोल दिव्यांची, रुंद पायऱ्यांची, आणि मान दिल्याशिवाय सुरू न होणारी.

"आई, अगं एवढं काय त्यात," दादा म्हणाला. पण त्याचा आवाज काही पुरेसा दुःखी निघाला नाही. दादानं तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली होती आणि मुदतीआधीच निवृत्त झाल्यापासून त्याला दुरुस्त करायला काहीतरी हवंच होतं. मागच्याच महिन्यात त्यानं स्वतःच्या घराशेजारच्या शेडची लांबी टेपनं मोजली होती. गाडीवर घालायचं कापडी आवरणही आणून ठेवलं होतं, ते "सहज मिळालं म्हणून."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी थांबणं शहाणपणाचंच आहे," ताई म्हणाली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. ताई मोठ्या इस्पितळात मुख्य सिस्टर होती. शहाणपणाच्या गोष्टी ती अशा आवाजात सांगायची की पेशंटची हरकत घ्यायची हिंमत होत नसे. "किल्ली कुणाकडे जायची ते मागाहून बघू. सध्या माझ्या कपाटात राहील."

"तुझ्या कपाटात कशाला?" दादा लगेच म्हणाला.

धाकटा मात्र या वादात पडला नाही. तो एरवी दोघांचं मिळून जितकं होईल तितकं एकटा बोलायचा. त्यानं टेबलावरची किल्ली उचलली. "गल्लीत गाडी आडवी उभी असेल, मी घेऊन येतो," एवढंच म्हणाला आणि चपला न बघताच पायात घालून बाहेर पडला.

बाईसाहेब कोपऱ्यावर उभ्या होत्या. धाकट्यानं गाडी सुरू केली, पहिल्यातून निघाला, क्लच दाबला आणि दुसऱ्याकडे लीव्हर नेला. कर्रर्र! त्यानं थांबून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कर्रर्र! नियम पाळायचा तर त्यानंही उतरून चालत जायला हवं होतं, आणि मग गाडी पिढ्यान्पिढ्या त्या कोपऱ्यावरच राहिली असती. तो पहिल्या गिअरमध्येच रांगत रांगत गाडी घरी घेऊन आला.

हात आईचा गेला नव्हता. तेल त्यानं बदललं होतं.

धाकट्याचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. सहा महिन्यांपूर्वी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गाडी गॅरेजमध्ये पडून होती, तेव्हा त्याच्या मनात आलं की आईला एक छानशी भेट द्यावी. दुकानातलं सगळ्यात भारी, अगदी नवं गिअर तेल त्यानं आणलं आणि जुनं काढून ते भरलं. आईला बदल खपत नाही हे त्याला पाठ होतं. म्हणून उरलेलं तेल त्यानं गॅरेजमधल्या जुन्याच डब्यात ओतून ठेवलं, ज्याच्यावर बाबांच्या अक्षरात 'गिअर' असं लिहिलेलं होतं. आई दर महिन्याला त्याच डब्यातलं तेल वरून घालायची. डबा तोच, म्हणून तेल तेच, असं ती धरून चालली होती.

स्वयंपाकघरात ताई बटाटे सोलत होती. धाकटा दार लोटून आत आला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

ताईनं सोलणं थांबवलं नाही. "खात्री आहे तुला?"

"शंभर टक्के नाही. पण मी बदललं आणि नेमकं तेव्हापासूनच सुरू झालंय ना! मी आत्ता जाऊन आईला सांगतो."

"नको सांगूस."

"म्हणजे?"

"म्हणजे गप्प बस." ताईनं सुरी खाली ठेवली. "मागच्या महिन्यात मी बसस्टॉपवर उभी होते. मोठ्या चौकात आई गाडी घेऊन आली. समोर दिवा लाल होता आणि तिनं वर बघितलंसुद्धा नाही. सरळ निघून गेली. एका ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून... मी तिला अजून बोलले नाहीये. कसं बोलायचं तेच कळत नव्हतं. आता ती आपण होऊन सोडतेय तर सोडू दे की!"

ताईनं सुरी पुन्हा उचलली आणि सोललेलाच बटाटा परत सोलू लागली. धाकट्यानं तिला असं फार वेळा पाहिलं नव्हतं. वॉर्डमध्ये मोडक्या हाडांची माणसं रोज बघणारी ही बाई. आईला त्या खाटेवर बघायचं नाही, एवढीच तिची मागणी होती.

"पण तिला वाटतंय तिचा हात गेला," धाकटा हळूच म्हणाला.

"वाटू दे. हात गेला असं वाटून माणूस मरत नाही."

ताईला स्वतःचंच वाक्य आवडलं नाही. पण ती ते मागे घेईना. धाकटा मूग गिळून बटाट्यांच्या साली गोळा करू लागला. दोघांचा करार झाला होता, पण दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

हा करार पंधरा मिनिटं टिकला. तो मुंगीनं मोडला.

मुंगी म्हणजे दादाची मुलगी. अंगानं किडकिडीत आणि कुठल्याही फटीत शिरणारी, म्हणून हे नाव. ती बस आगारात नोकरीला होती आणि दिवसाला दोन-दोन गिअरबॉक्स उघडून पुन्हा बंद करायची. आजीचा हात जातो हे तिला पटलंच नव्हतं. मोठ्यांची किल्लीवरून चर्चा चालू असताना ती सरळ गॅरेजमधल्या खड्ड्यात उतरली. गाडी वर उभी होती. मुंगीनं गिअरबॉक्सच्या बाजूचं बूच सैल केलं, बोट आत घातलं, बाहेर काढून नाकाशी नेलं आणि ओरडली.

"आजी! इकडे ये! सगळेच या!"

आई आली. तिच्या मागे दादा, त्याच्यामागे ताई, आणि सगळ्यात शेवटी, अजिबात घाई नसल्यासारखा, धाकटा.

"आजी, हा वास घे."

आईनं वाकून बोट हुंगलं. सडक्या अंड्यासारखा, डोक्यात जाणारा वास. "हा वास तर सहा महिने येतोय मला," ती म्हणाली. "मला वाटलं, डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये नाकालाही काहीतरी झालं. हात गेला, नाक गेलं, म्हटलं आता एकेक जाणारच."

"नाक शाबूत आहे तुझं. हे तेल आपलं नाही. आपल्या तेलाला इतका वास नसतो."

"अगं, पण डबा तर तोच आहे! मी स्वतः ओतते."

"डबा बोलत नाही, आजी. कुणीतरी आत दुसरं ओतलंय."

दादानं दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे बघू नका. मी असतो तर एकशेचाळीस नंबरचं टाकलं असतं. जुन्या गाडीला जाड तेल लागतं. दात झिजलेले असतात, जाड तेलानं आवाज बंद होतो."

"बाबा, एकशेचाळीस थंड सकाळी मधासारखं होतं. लीव्हर हलवायला दोन माणसं लागतील," मुंगी म्हणाली. "जाडीचा प्रश्नच नाहीये. जाडी बरोबर नव्वदच आहे. प्रश्न वेगळा आहे."

धाकट्यानं ताईकडे बघितलं. ताईनं भिंतीवरच्या पान्यांकडे बघितलं. आणि मग धाकटा, ज्याला लहानपणी चोरून खाल्लेला खाऊसुद्धा दुपारपर्यंत लपवता आला नव्हता, एकदम म्हणाला, "मी टाकलं. नव्वदच टाकलं. पण पाच नंबरचं."

"जीएल-पाच?" मुंगीनं कपाळावर हात मारला. तोही तेलाचा.

"अगं, चारपेक्षा पाच वरचं ना! मी सगळ्या गिऱ्हाइकांना तेच सांगतो. सगळ्यात ताकदवान!"

"काका, चार आणि पाच म्हणजे काही पहिली-दुसरीचा वर्ग नाही. आत औषध किती तीव्र घातलंय त्याचा आकडा आहे तो. पाच मागच्या चाकांच्या मधल्या डिफरन्शियलला. तिथे दात दातांवर घासतात, तिथे लागतं ते औषध. इथे आत पितळेच्या रिंगा आहेत." मुंगी खड्ड्यातूनच हात हलवून सांगू लागली. "दोन माणसं वेगवेगळ्या वेगानं चालत असली तर एकानं दुसऱ्याचा हात धरून त्याला आपल्याबरोबर आणायचं. रिंग तेवढंच करते. तेल फार निसरडं असलं की हात सुटतो. मग होतं कर्रर्र. वरून त्या औषधातलं गंधक पितळ खातं, ते वेगळंच."

"म्हणजे पेशंटला दुसऱ्याच आजाराचा डोस," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"आत्या, बरोब्बर तेच!"

पण आई हे ऐकतच नव्हती. मघापासून तिचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे होतं. तिनं तो पुढे धरला, बोटं मिटली, उघडली. सहा महिने रोज सकाळी तिनं हा हात असाच बघितला होता. चहाचा कप धरताना, शर्टाला बटण लावताना, कुलूप उघडताना. प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं, आज जरा जास्तच कापतोय. डॉक्टरला विचारायची तिला भीती वाटली होती. कारण डॉक्टर हो म्हणाला तर?

"म्हणजे," ती म्हणाली, "माझा हात नाही?"

"नाही, आजी."

"हाताला काही झालेलं नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

आई खड्ड्याच्या काठावरच्या लाकडी पेटीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. धाकटा अपराध्यासारखा तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई, रागाव ना. दोन फटके तरी दे."

"देते की." तिनं त्याच निर्दोष हातानं त्याचा कान धरून पिरगाळला, आणि चांगलाच जोरात पिरगाळला. "बघ, पकड कशी आहे!"

"आहे, आहे! सोड!"

दादाचं तोंड थोडं उतरलं होतं. कापडी आवरणाचं आता काय करायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. पण लेथवरच्या माणसाला अर्धवट उघडलेलं यंत्र बघवत नाही. त्यानं बाह्या वर सारल्या आणि तो सरळ लेकीच्या शेजारी खड्ड्यात उतरला. "इंजिन पाच मिनिटं चालू करून तेल कोमट होऊ दे. मग खालचं बूच काढू. कोमट तेल सगळं निथळतं."

तेल परातीत उतरलं तेव्हा त्याच्यावर सोनेरी झाक होती. मुंगीनं दोन बोटांत ते चोळलं आणि उजेडात धरलं. पितळेचा बारीक चुरा चमकला. सगळे श्वास रोखून तिच्याकडे बघू लागले. असल्या रिंगा आता कुठेच मिळत नाहीत, हे त्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

"खाल्लंय," ती म्हणाली, "पण फार नाही. अजून सहा महिने गेले असते तर मात्र हात टेकावे लागले असते."

"जीएल-चार आहे का दुकानात?" दादानं विचारलं.

धाकट्याचा चेहरा उजळला. "तीन खोकी पडलीत! कुणी घेतच नाही."

"का नाही घेत?"

"मीच सांगतो ना सगळ्यांना, पाच घ्या म्हणून."

यावर ताईसुद्धा हसली. धाकटा स्कूटरवरून जाऊन आला, पण आल्या आल्या डबा कुणी उघडू देईना. आधी मुंगीनं मागचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचलं. मग दादानं चष्मा बदलून तेच पुन्हा वाचलं. मग बाईसाहेबांचं जुनं माहितीपुस्तक आणलं, त्यात 'नव्वद' हा आकडा शोधला. मग आईनं झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटून, आणि मान हलवली. "हा आपला वास."

थोडंसं नवं तेल आतून फिरवून गिअरबॉक्स धुतला. मग दीड लिटर तेल नळीनं सावकाश भरलं, बाजूच्या भोकातून धार ओघळेपर्यंत. जुना डबा आईनं स्वतः रॉकेलनं विसळला. तो कुणाला हात लावू दिला नाही.

"चला, कोण चालवून बघतं?" दादानं किल्लीकडे हात केला.

"मी," आई म्हणाली. "आणि शेजारी ताई बसेल."

ताईला नकार द्यायला कारण सुचेना. ती एप्रन काढून गाडीत बसली आणि दार दोनदा ओढून घट्ट लावलं.

गल्लीच्या कोपऱ्याशी आईनं क्लच दाबला आणि लीव्हर दुसऱ्याकडे नेला. कर्रर्र!

आईचा चेहरा पडला. तिनं गाडी कडेला घेतली. ताईला वाटलं, हीच वेळ आहे. आता एक शब्द न बोलता नुसती मान हलवली तरी पुरे. किल्ली संध्याकाळपर्यंत कपाटात जाईल आणि आपल्याला रात्री झोप लागेल. पण तिनं आईचा हात बघितला. लीव्हरवर तो असा आवळलेला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"आई," ती म्हणाली, "तू ढकलतेयस."

"काय?"

"आवाज व्हायच्या आत गिअर पडावा म्हणून ढकलतेयस. सहा महिन्यांची सवय झालीय तुला. तूच मला शिकवलंयस, मध्ये थांबायचं. मुठीत धरायचं नाही, तळव्यानं न्यायचं. मधे थांब, एक श्वास घे, मग ने."

आईनं लेकीकडे एकदा बघितलं. मग गाडी पुन्हा पहिल्यात टाकून सोडली. क्लच. मधे थांबली. श्वास घेतला. लीव्हर दुसऱ्यात गेला, आणि गेला हे फक्त गाडीनं वेग घेतला त्यावरून कळलं.

तिसरा पडला. मग खाली पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा. आई गुणगुणायला लागली. मोठा चौक आला, दिवा लाल होता, आणि आईनं गाडी पट्ट्याच्या बरोबर मागे थांबवली.

"आई, मागच्या महिन्यात तू इथे थांबली नव्हतीस," ताई म्हणाली. "मी बघत होते. लाल होता."

आई दचकली. "लाल होता?" तिनं थोडा विचार केला. "मी खाली लीव्हरकडे बघत असेन गं. हल्ली चौक आला की मी खालीच बघायची. इथे दुसरा टाकावा लागतो ना." तिनं वर दिव्याकडे बघितलं. "बाप रे! म्हणजे मी..."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"धीर झाला नाही." आता अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता. "आणि अजून एक. तेलाचं मला तुझ्या आधीच कळलं होतं. धाकटा तुला सांगायला निघाला होता, मीच त्याला गप्प बसवलं. तुला वाटू दे म्हटलं, हात गेला असं. मला भीती वाटते आई. रोज वाटते."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. आईनं गाडी हाकली आणि चौक ओलांडला. तिला लागलं होतं आणि ते तिनं लपवलं नाही.

"वाईट केलंस."

"हो."

"धाकटा चूक करतो आणि पोटात ठेवू शकत नाही. दादाला गाडी हवी, तो मला बरं-वाईट काहीच खरं सांगणार नाही. राहिलीस तू." आईनं आरशात मागे बघितलं, मग बाजूला बघितलं, आणि वळण घेतलं. "ज्या दिवशी खरंच हात जाईल, डोळा जाईल, त्या दिवशी मला तू सांगायचंस. मी रडेन, भांडेन, तुला नाही नाही ते बोलेन. तरी सांगायचंस. आणि गेला नसेल तर गेला म्हणायचं नाही. जमेल?"

ताईनं मान हलवली, आणि आई रस्त्याकडे बघतेय हे लक्षात आल्यावर मोठ्यानं म्हणाली, "जमेल."

"मग आजचं सांग. आज कसा आहे?"

पुढे चढ लागला होता. आईचा तळवा लीव्हरवर आला, मधे थांबला आणि दुसऱ्यात गेला. ताईनं तो हात नीट बघितला, वॉर्डमध्ये बघतात तसा.

"आज चांगला आहे," ती म्हणाली. "अगदी चांगला."

"मग तळ्याकडून जाऊ," आई म्हणाली. "थोडं लांब पडतं. त्यांना भूक लागली असेल, लागू दे."